धोत्र्याची गोळी आणि उपरण्याखालची पारख

अकोल्याच्या बाजारात वादाचा कापूस काही वर्षे उपरण्याखाली पारखत असत. पारख्याच्या मांडीवर उपरणे पसरायचे, दोन्ही बाजूंनी आपापल्या मालाच्या चिमटी त्याखाली सरकवायच्या, आणि पारख्याने न बघता, नुसत्या बोटांनी, कोणता कापूस कसला ते सांगायचे. पारख्याला माणूस दिसू नये, माल तेवढा कळावा, म्हणून जुन्या लोकांनी ही रीत घातली, असे तिथल्या एका व्यापाऱ्याने मला पुढे समजावून सांगितले. मी ऐकून घेतले. ही रीत ज्या सकाळी पडली त्या सकाळी मी तिथे होतो. तिचे कारण माझ्या थोरल्या भावाचे पोट होते.

अमेरिकेत तेव्हा लढाई चालू होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता. त्यामुळे सगळ्यांची तोंडे आमच्या काळ्या मातीकडे वळली होती. अमरावतीत माघ महिन्यात गाड्यांची रांग गावाच्या वेशीपासून नाल्यापर्यंत लागे. रुई हवेत तरंगत असे. ती पाण्याच्या घागरीत पडे, भाकरीवर बसे, समईच्या ज्योतीत चरचर करून जळे. ओसरीवर निजलेला माणूस सकाळी उठला की त्याच्या पापण्या पांढऱ्या दिसत. ती वर्षे आठवू लागलो की मला गलबला आठवत नाही. गलबला असणारच, पण कापसात बुडालेले गाव आवाज गिळून टाकते. माणसे एकमेकांशी बोलताना ओठ हलताना दिसत आणि शब्द थोड्या वेळाने येत, असे काहीसे माझ्या मनात उरले आहे.

मी त्या काळी मुंबईच्या एका वर्तमानपत्राला बाजाराची हकिकत लिहून पाठवत असे. तिथल्या संपादकांनी मला शिकवले होते की पाहिलेले एका ओळीत लिहावे, ऐकलेले दुसऱ्या ओळीत, आणि स्वतःला वाटलेले कुठेच लिहू नये. इथेही मी जमेल तितके तसेच लिहितो.

दादा पारखी होता. आमच्याकडे मुख्यतः दोन कापूस येत. बनी लांब धाग्याची आणि मऊ, जडी आखूड आणि राठ. बनीत जडी मिसळली की वरून काही कळत नाही. पारखी चिमूट घेतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढतो, निघालेले तंतू एकावर एक ठेवतो, पुन्हा ओढतो, पुन्हा ठेवतो. शेवटी डाव्या तर्जनीवर तंतूंची एक बारीक जुडी उरते. ती उजेडाकडे धरून डोळ्याने मापायची आणि शब्द द्यायचा. दादा घरी आला तरी त्याचे हात हेच करत असत. ओढून झालेली चिमूट तो वहिनीकडे करी आणि म्हणे, "हे धर." वहिनी पदर पुढे करी. त्या चिमटींच्या ती वाती वळत असे. आमच्या देवघरात विकत घेतलेली वात कधी लागली नाही.

त्या माघात अकोल्याहून निरोप आला. तेल्हाऱ्याच्या एका शेतकरी व्यापाऱ्याने बनी म्हणून बोजे विकले होते आणि अकोल्याचा शेट म्हणत होता की आत जडी आहे. दोघांनाही आपल्या गावचा पारखी नको होता. दोघांनी दादाचे नाव घेतले. अमरावतीबाहेर त्याला कोणी पंच म्हणून बोलावण्याची ती पहिली वेळ. तिथे शब्द चुकला असता तर अमरावतीतही पुन्हा कोणी त्याच्या हातात चिमूट दिली नसती. पारख्याला शेत नसते, दुकान नसते. त्याचा शब्द घेतात, आणि घेईनासे झाले की तो नुसता रिकाम्या हाताचा माणूस उरतो. घरात हे कोणी बोलून दाखवले नाही, पण सगळ्यांना माहीत होते.

अडचण अशी की दादाला मुरडा झाला होता. गाव गाड्यांनी आणि परक्या माणसांनी भरले होते, विहिरींचे पाणी गढूळ झाले होते, आणि घरोघर कोणी ना कोणी पोट धरून बसले होते. दादाला आव पडत होती. कळ आली की त्याला उठावे लागे, तेही ताबडतोब. आणि पारखीचा नियम असा की एकदा चिमूट हातात घेतली की शब्द देईपर्यंत जागा सोडायची नाही. पारखी मधेच उठला तर तो कोणाच्या तरी कानाला लागून आला असे धरतात आणि पारख मोडली म्हणतात.

औषधे चालू होतीच. बेलफळाचा गर झाला, त्याने पोट फुगले. कुड्याच्या सालीचा काढा झाला. त्याने आव कमी झाली, पण जिभेची चव गेली आणि तीन दिवस त्याला गूळही कडू लागला. मग वैद्यबुवांनी अफूची गोळी दिली. तिने पोट थांबले, पण दादाही थांबला.

"झोप नोको मले," दादा वैद्यबुवांना म्हणाला. मी शेजारी बसलो होतो. "मागच्या खेपेले तुमच्या अफूनं मी रुईच्या ढिगावर घोरत पडलो. लोकाइनं माह्यासकट ढिगाचा भाव बोलून टाकला."

वैद्यबुवा हसले नाहीत. त्यांनी एका लाकडी डबीत मिऱ्याएवढ्या काळपट गोळ्या मोजून टाकल्या.

"हिनं झोप येणार नाही. हिच्यात धोत्र्याचं बी आहे, शुद्ध करून घेतलेलं. पोटाची कळ बसेल. पण तोंडाला कोरड पडेल आणि उजेड सोसणार नाही, ते आधीच सांगतो. दिवसाला एक. आणि दुधावर. रिकाम्या पोटी घेतलीस तर माझ्या नावानं ओरडू नकोस."

वहिनी दारात उभी होती. "दूध तं तुमीच बंद केलं व्हतं ना बुवा? आव पडते तवरोक दुधाचा थेंब नोको म्हणे."

"ते अन्न म्हणून बंद. हे अनुपान आहे."

"अन् पोटाले कसं कयंल बाप्पा, कोनतं दूध अन्न अन् कोनतं अनुपान?"

आता मात्र वैद्यबुवा हसले. दादाही हसला आणि हसता हसता पोट धरून परसाकडे गेला.

आम्ही दमणीतून, दोन बैलांच्या हलक्या गाडीतून, निघालो. दादा, वहिनी, मी आणि गाडीवान. वहिनी आली कारण दादा तिच्या हातची पेज सोडून काही खात नव्हता, आणि अकोल्यात तिची मावशी होती. मागे बैलांसाठी कडबा आणि सरकीचे एक पोते होते. पहिल्या दिवशी गोळीने काम केले. दादाला वाटेत फारसे उतरावे लागले नाही. तोंड कोरडे पडले, म्हणून तो सारखा चुळा भरत होता. दूध त्याने घेतले नाही. वहिनीने दिले नाही असेही म्हणता येईल. पाण्यावरच गोळी घेतली, आणि पेज नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक गोळी घेतली. ऊन वर आल्यावर आणखी एक घेतली. ती घेताना कोणी पाहिले नाही. अकोला जवळ येत होते आणि त्याला पोटाची धास्ती होती, असे त्याने नंतर सांगितले.

त्या रस्त्याची मला अजून स्वप्ने पडतात. दोन्ही बाजूंना बाभळी होत्या. सबंध हंगाम कापसाच्या गाड्या त्यांना घासून गेल्या होत्या, आणि प्रत्येक काट्याला रुईचा एक एक पुंजका अडकला होता. पाने दिसत नव्हती. कोसभर पांढरी झाडे. वारा आला की काही पुंजके सुटत आणि आडवे तरंगत दमणीवर खाली येत. धुके विरले होते, पण ते बाभळींवरच राहून गेले आहे असे वाटे. बैलांच्या घुंगरांखेरीज काही ऐकू येत नव्हते. मी अर्धवट डुलकीत होतो.

दादाने उजवा हात वर केला आणि हवेतून काहीतरी चिमटीत घेतले. दोन्ही अंगठ्यांत धरले. ओढले. ठेवले. पुन्हा ओढले. हात अगदी ठरल्यासारखे चालले होते, बाजारात चालत त्याहून जास्त सावकाश आणि जास्त नेमके. एवढी सुबक पारख मी त्याच्या हातून कधी पाहिली नव्हती.

गाडीवानाने मागे वळून पाहिले. "काय भाऊ, हात बसवून राहिले काय? उद्याची कुस्ती आजच खेयता?"

दादाचे हात थांबले नाहीत. जुडी डाव्या तर्जनीवर घेऊन त्याने उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले, आणि वहिनीकडे हात करून म्हणाला, "हे धर."

वहिनी बैलांकडे बघत होती. तिने न बघताच पदर पुढे केला. त्याने चिमूट ठेवली. तिने पदर मिटला. थोड्या वेळाने पुन्हा, "हे धर." पुन्हा पदर पुढे झाला. हे कितीतरी वेळ चालले. मी पाहत होतो. हवेत रुई होतीच, आणि माझा भाऊ जन्मभर हेच करत आला होता. आमच्या दमणीतल्या तिघांनाही त्यात काही वावगे दिसले नाही. दुसऱ्या कोणत्याही धंद्यातला माणूस असता तर आम्ही पहिल्या चिमटीलाच गाडी थांबवली असती.

दुपारी एका नाल्याकाठी बैल सोडले. वहिनी सावलीत वाती वळायला बसली. तिने पदर उघडला आणि तशीच थांबली.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "पदरात काईच नाई."

"वाटेत सांडला असेल."

"एवढा? सकायपासून देऊन राहिले हे. एक धागा बी नाई."

आम्ही दोघांनी दादाकडे पाहिले. तो एका बाभळीखाली बसून आभाळाकडे बघत होता. आभाळात माघातले विरळ, ओढलेले ढग होते. त्याचे तोंड लाल झाले होते. ओठ सुकून चिकटले होते, बोलताना ते सुटल्याचा आवाज येत होता.

"हे बनी नाई," तो म्हणाला. "कोनी सांगतलं बनी? मधात जडी मिसयली हाय. पाहा ना, धागा आखूड आखूड दिसते." आणि त्याने हात वर करून आभाळाची एक चिमूट घेतली.

वहिनी उठून त्याच्यासमोर बसली. तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केले. डोळ्यातली बाहुली इतकी पसरली होती की भोवतीचा तपकिरी गोल उरलाच नव्हता. दोन्ही डोळे विहिरीसारखे काळे. त्याने तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "नमुना आनला का, शेटजी?"

"आनला," वहिनी म्हणाली. मग मला म्हणाली, "धोत्रा चढला याइले. किती गोया घेतल्या, पाहा बरं डबी."

मी डबी पाहिली. दिवसाला एक या हिशेबापेक्षा एक गोळी कमी होती. दूध नाही, पोटात अन्न नाही, आणि गोळी दुप्पट. वैद्यबुवांनी सांगितले होते ते सगळे खरे ठरत होते, फक्त त्यांनी सांगितल्यापेक्षा फार जास्त.

वहिनीचे माहेर मोर्शीकडचे, मळ्यातले. तिथल्या कुंपणाला धोत्रा उगवत असे. लहानपणी तिच्या सोबतच्या एका मुलीने त्याची बोंडे खाल्ली होती, आणि तीही अशीच हवेतली फुले तोडत बसली होती. वहिनीच्या आईने तिला सरकी उकळून पाजली होती. वहिनीला एवढे आठवत होते. ती मुलगी वाचली हेही आठवत होते.

"सरकी?" गाडीवान म्हणाला. "माह्या बैलाची?"

"बैलाले अकोल्यात घेऊन देईन."

"अवं बाई, जनावराचं खानं नवऱ्याले!"

"तुमचे बैल जुंपले तसा मायावाला बी जुंपलाच हाय ना? आना ते पोतं."

तिने सरकी दगडावर ठेचली, पाण्यात उकळली, धोतराच्या फडक्यातून गाळली. पांढरे दाट पाणी निघाले. त्यात गूळ घातला. दादा ते शेटजींच्या घरचे सरबत समजून प्यायला आणि चांगले आहे म्हणाला. मग दर थोड्या वेळाने आणखी.

ऊन कलू लागले तशी त्याच्या हातांची गती कमी झाली. ओढणे राहिले, ठेवणे राहिले, मग नुसती चिमूट घेणे राहिले. एकदा हात अर्ध्यावर गेला आणि तिथून गुडघ्यावर उतरला. त्याने आजूबाजूला पाहिले, नाला पाहिला, आणि विचारले, "आपुन कुठी हाओ?" सरकीने उतरले की वेळ गेल्याने उतरले, हे मला सांगता येत नाही. दोन्ही झाले एवढे मी पाहिले.

वहिनीने डबीतल्या उरलेल्या गोळ्या नाल्यात टाकल्या.

"साऱ्या?" दादाने विचारले.

"साऱ्या."

"अन् उद्या पोटानं हाक मारली तं?"

"तं मारू द्या. पोट तुमचंच हाय. आभायात जडी पाहण्यापरीस बरं."

"मी काय म्हणलो?"

"काई नाई. सरबत चांगलं म्हणले."

तेव्हा तो हसला, आणि मग त्याने आपला डावा हात डोळ्यांसमोर धरला. जवळ आणला. लांब नेला. पुन्हा जवळ आणला. मी बघत होतो, वहिनीही बघत होती.

"ते बाभूय दिसते मले," तो हळू म्हणाला. "त्या काठावरची. काटा अन् काटा दिसते. पन हे बोट दिसून नाई राहिलं."

लांबचे स्वच्छ आणि जवळचे धुके. धोत्र्याने डोळे असे होतात आणि डोके ताळ्यावर आले तरी डोळे काही दिवस येत नाहीत, हे मला पुढे वैद्यबुवांकडून कळले. त्या वेळी आम्हाला एवढेच कळले की उद्या सकाळी त्याला जे मापायचे आहे तेच दिसत नाही.

"परत फिरू," मी म्हणालो.

"फिरलो तं काय म्हनतीन? अमरावतीवाल्याले वाटेत कोनी तरी गाठलं म्हनतीन. दोघाइपैकी ज्याचं खोटं हाय तोच आधी म्हनंल." तो धोतर झटकून उठला. "चाला. बैल जुंपा."

अकोल्याला वहिनीच्या मावशीकडे उतरलो. दादा भाताची पेज प्यायला आणि निजला.

पारख शेटच्या वखारीच्या ओसरीवर होती. गादी, लोड, तक्के, आणि समोर अंगणात उन्हात रचलेले बोजे. एका बाजूला शेट आणि त्याची माणसे, दुसऱ्या बाजूला तेल्हाऱ्याचा विकणारा, उंच, डोक्याला भलेमोठे पागोटे. बाजारातले बघे ओसरीच्या पायऱ्यांवर. दादाने फेटा कपाळावर खाली ओढला होता. उन्हाकडे पाठ करून बसू द्या म्हणाला, तशी तेल्हाऱ्याच्या माणसाने त्याला हटकले.

"कावून हो पारखी? उजेड पायवत नाई का? पारखी उन्हात बसते असं आमी ऐकलं."

"उन्हात चांभार बी बसते," दादा म्हणाला. "तुमाले कातडं पारखाचं हाय का कापूस?"

पायऱ्यांवर हशा पिकला. शेटच्या माणसाने पहिली चिमूट पुढे केली. दादाने हात पुढे केला आणि तो तिच्या वीतभर अलीकडे थांबवला. अजून चिमूट घेतली नव्हती. घेतली की उठता येणार नव्हते, आणि घेऊन डोळ्याशी धरली तर न दिसता पाहिल्याचे सोंग करावे लागणार होते. मी त्याच्या शेजारी होतो. त्याची नजर चिमटीवर नव्हती, चिमटीपलीकडे कुठेतरी होती.

त्याने हात मागे घेतला. खांद्यावरचे उपरणे काढले, मांडीवर पसरले आणि दोन्ही हात त्याखाली नेले.

"याच्याखाली द्या," तो म्हणाला. "कोनाची कोनती, ते मले पाहाचं नाई. नमुन्याची द्या, बाहेरची द्या, बोजाच्या आतली द्या. वाटंल ते आधी, वाटंल ते मागून द्या. सांगू नोका."

शेट पुढे झुकला. "ये कौनसी नई रीत निकाली, भाई? पारख आंख से होती है."

उत्तर दादाने दिले नाही. तेल्हाऱ्याच्या माणसाने दिले, आणि ते का दिले हे मला आजही नीट माहीत नाही. "सौद्यात भाव उपरण्याखाली बोटानं सांगता ना शेटजी? मंग माल कावून नाई सांगता येत?"

बाजारातल्या सगळ्यांना हे एकदम पटले. भाव ठरवताना रुमालाखाली बोटे धरायची रीत जुनीच होती. लोक माना डोलवू लागले. शेटनेही मान डोलवली.

चिमटी उपरण्याखाली गेल्या. दादाने डोळे मिटले. कापड हलत होते, त्याखाली दोन लहान जनावरे निजेत कूस बदलत असावीत तसे. एरवी त्याच्या बोटांना घाम येई आणि पारखीआधी तो बोटांना राख लावत असे. त्या दिवशी राख लावली नाही. धोत्र्याने त्याचे सगळे अंग कोरडे केले होते, बोटेसुद्धा. धागा अशा बोटांत स्वच्छ सुटतो, असे तो पुढे म्हणत असे. डोळे नेले आणि बोटे दिली, असेही एकदा म्हणाला. ते खरे की खोटे, मला माहीत नाही.

बराच वेळ गेला. अंगणातून रुईचा एक पुंजका तरंगत आला आणि त्याच्या फेट्यावर बसला. कोणी तो उचलला नाही. मग मला त्याच्या कानशिलावर घामाचा एक थेंब दिसला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला घाम येत होता. औषध उतरत होते. औषध उतरले की त्याखालचे काय जागे होणार, ते ओसरीवर मला एकट्यालाच ठाऊक होते. त्याचा डावा गुडघा हलू लागला. त्याने तो कोपराने दाबला. ओठ आवळले. बघणाऱ्यांना वाटले, तो जुडी मोजतो आहे. कदाचित मोजतही असेल.

"पयली अन् तिसरी एक," तो शेवटी म्हणाला. आवाज कोरडा होता. "बनी हाय, अन् चांगली हाय. मधली दुसरी. तिच्यात जडी. जास्त नाई, पन हाय."

मधली चिमूट बोजाच्या आतून काढली होती. शेटने लगेच बोजे उभे चिरायला लावले. बाहेर बनीचा जाड थर होता आणि पोटात आखूड, मळकट कापूस. तेल्हाऱ्याच्या माणसाने पागोटे काढून मांडीवर ठेवले. तो म्हणाला की आतला माल त्याने दुसऱ्याकडून घेतला होता आणि विश्वासाने घेतला होता. ते खरे असेल. वाद तिथेच मिटला.

शेटचा नोकर विड्याचे तबक घेऊन पुढे आला. पारख झाली की पारख्याला विडा द्यायचा आणि त्याने बसून खायचा, अशी पद्धत होती. तबक नोकराच्या हातांवरच असताना दादा उठला. त्याने उपरणे झटकले, खांद्यावर टाकले, दोन्ही बाजूंना हात जोडले आणि वळला. पायऱ्यांपर्यंत तो फार सावकाश चालला. अंगणात जरा भरभर. वखारीच्या कोपऱ्यापलीकडे गेल्यावर कसा गेला ते ओसरीवरून दिसत नव्हते.

"देखा?" शेट आपल्या माणसांना म्हणाला. "विडा बी नाही घेतला. ऐसा होना चाहिये पारखी."

मी वर्तमानपत्राला लिहिले की पारख उपरण्याखाली झाली, आणि पारखी विडा न घेता उठले. दोन्ही मी पाहिले होते. कारण लिहिले नाही. ते घरचे होते, बाजाराचे नव्हते. पुढच्या हंगामात अकोल्यात दुसऱ्या कोणाची तरी पारख उपरण्याखाली झाली, मग आणखी एकाची. दादाला नंतर बाळापुरापर्यंत बोलावणी आली, आणि तिथेही लोक आधी उपरणे पसरून ठेवत. डोळे ठणठणीत असताना त्याला न बघता पारखावे लागे. तो कुरकुरत असे, पण करत असे. कोणी घरी येऊन या रितीचे मूळ विचारले तर वहिनी आतून सरळ सांगत असे, "त्याइचं पोट दुखे." पाहुणे हसत. पारख्याच्या बायकोने थट्टा केली असे समजत.

परतीच्या वाटेवर आम्ही त्याच बाभळींखालून आलो. दादा लांब बघत बसला होता, कारण जवळचे अजून दिसत नव्हते. त्याचे हात मांडीवर उघडे पडले होते. ते काही करत नाहीत असे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. वहिनी मधून मधून त्यांच्याकडे बघे. गाडीवान या खेपेला बैलांकडेच बघत होता. सरकी अकोल्यात घेऊन दिली होती. बैल ती खाऊन आले होते.

अमरावतीची झाडे दिसू लागली तेव्हा ऊन पिवळे झाले होते. एक फांदी दमणीला घासून गेली आणि पांढरा चुरा आमच्यावर पडला. दादाने वहिनीच्या खांद्याकडे पाहिले. डोळे बारीक केले. मान थोडी मागे नेली, थोडी पुढे आणली. मग दोन बोटांनी तिच्या खांद्यावरून काहीतरी उचलले, दोन्ही अंगठ्यांत धरले, ओढले, ठेवले, पुन्हा ओढले. वहिनी त्याच्या बोटांकडे बघत होती. मीही.

"बनी," तो म्हणाला. "हे धर."

वहिनीने पदर पुढे केला नाही. तिने तळहात पुढे केला, चिमूट त्यावर ठेवून घेतली, आणि मिटण्याआधी खाली वाकून नीट पाहिली. हातात रुई होती.